पाच पानांत मावलेला ग्रह

२१ जून १९६८ या तारखेचं एक पत्र आहे. अमेरिकेतल्या एका संपादकानं ते व्हर्जिनिया किड या साहित्यिक एजंटला लिहिलेलं. किडबाईंनी पाठवलेली कादंबरी साभार परत करायची होती, त्याचं हे पत्र. लेखिका लिहिते फार सुंदर, अशी सुरुवात करून संपादक पुढे म्हणतो की तपशील, संदर्भ आणि मधेमधे येणाऱ्या दंतकथा यांच्या गाळात कथानक रुतून बसलंय, पुस्तक वाचवत नाही. कादंबरी होती उर्सुला ले ग्विन यांची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’. पुढच्याच वर्षी ती ‘एस’ प्रकाशनाकडून आली आणि नेब्युला व ह्यूगो हे विज्ञानकथेतले दोन्ही मोठे मान तिनं मिळवले. ले ग्विन यांनी पुढे ते पत्र स्वतःच जगजाहीर केलं. संपादकाचं नाव तेवढं झाकलं.

या पत्राला हसणं सोपं आहे. मला मात्र ते वाचताना किडबाईंचं कुतूहल वाटतं. त्यांच्यापुढेही तेच बाड होतं, तोच तपशील, त्याच दंतकथा. त्या ग्रहावर बारमाही थंडी आहे. माणसं एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले काही दिवस ती यातलं एक काहीतरी होतात आणि कोण काय होईल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. तिथे राजाला दिवस जातात आणि ही बातमी कसलाही गाजावाजा न होता कानावर पडते. ले ग्विन यांच्या नावावर तोवर स्वस्त पेपरबॅकमधल्या तीन छोट्या कादंबऱ्या होत्या. एवढ्या भांडवलावर असलं अवघड पुस्तक विकायला घ्यावं, असं त्या एजंटला त्यात काय दिसलं असेल? एका माणसाला गाळ दिसतो तिथे दुसऱ्याला ग्रह दिसतो, तो कशामुळे?

आपल्याकडे ‘एजंट’ म्हटलं की विम्याचा किंवा आरटीओबाहेरचा आठवतो. लंडन-न्यूयॉर्कच्या ग्रंथव्यवहारात मात्र लेखक आणि मोठा प्रकाशक यांच्यामधलं दार म्हणजे एजंट. हा धंदा फार जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पावशतकात ए. पी. वॉट या स्कॉटिश गृहस्थानं लंडनमध्ये त्याचा पाया घातला. लेखकाला मिळणाऱ्या पैशातले १० टक्के तो घेई. १८९६ मध्ये जे. बी. पिंकरनं दुकान थाटलं आणि त्याच्या सुरुवातीच्या लेखकांत एच. जी. वेल्स होता. म्हणजे ‘काळयंत्र’ लिहिणाऱ्यालाही मध्यस्थ लागलाच. आज अमेरिकेत रूढ दर १५ टक्के आहे, परदेशी आणि भाषांतराच्या हक्कांवर बहुधा २०. महत्त्वाची गोष्ट अशी की हे पैसे पुस्तक विकलं गेलं तरच. वाचनाचे पैसे नाहीत. त्यामुळे नव्या लेखकाचं बाड एजंट दिवसा सहसा वाचत नाही. दिवस करारमदारांत आणि आधीच्या लेखकांच्या कामात जातो, नव्यांची पाळी रात्री किंवा रविवारी.

एजंटच्या पुढ्यात सुरुवातीला येतं ते थोडंसंच. एक पानभर पत्र, साधारण ३०० शब्दांचं. कथानकाचा गोषवारा. आणि कादंबरीची पहिली ५ किंवा १० पानं. ब्रिटनमध्ये पहिली ३ प्रकरणं. पूर्ण हस्तलिखित मागवलं तरच पाठवायचं. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा, पण इथे तांदूळ असा की तो पृथ्वीवर कधी पिकलेलाच नाही.

गंमत इथेच सुरू होते. सदाशिव पेठेतल्या कुटुंबावर कादंबरी लिहिणाऱ्याला किती गोष्टी फुकट मिळतात बघा. ‘दुपारी दोनला बेल वाजली’ एवढं लिहिलं की वाचक उरलेलं घर आपण होऊन बांधतो: जिना, वामकुक्षी, दुपारी दोनला बेल वाजवणाऱ्याबद्दलचा राग. परग्रहाच्या लेखकाला यातलं काहीच उसनं मिळत नाही. दुपार म्हणजे काय, तिथे सूर्य किती, बेल कशाची, हे सगळं त्यानंच आणायचं आणि तेही गोष्ट न थांबवता. कुठल्याही कादंबरीच्या पहिल्या पाच पानांना गोष्ट सुरू करावी लागते. अशा कादंबरीच्या पाच पानांना गोष्ट आणि ग्रह दोन्ही सुरू करावे लागतात. सराईत एजंट या पानांत सर्वात आधी हेच बघते, की लेखकाला ही दुहेरी कसरत झेपते का.

ती झेपली की कशी दिसते? रॉबर्ट हाइनलाइननं १९४२ साली एका कादंबरीत एक दार दाखवलं. ते बिजागरीवर फिरत नाही. डोळ्याच्या बाहुलीसारखं मधून फाकत जातं. हे सांगायला त्यानं तीनच शब्द वापरले आणि पात्राला दारातून पुढे काढलं. पात्र थबकत नाही, दाराचं कौतुक करत नाही, कारण त्याच्या घरातली दारं अशीच असतात. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांच्या पुढच्या पिढ्या या तीन शब्दांवर लट्टू झाल्या. त्या दाराचं यंत्र कसं चालतं हे आजवर कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

सॅम्युएल डिलेनी हा स्वतः विज्ञानकथाकार आणि समीक्षक. त्यानं दाखवून दिलं की या साहित्यात साधं वाक्यही वेगळ्या रीतीनं वाचावं लागतं, कारण लाक्षणिक वाटणारी गोष्ट तिथे अक्षरशः घडू शकते. आपलंच उदाहरण घेऊ. ‘त्याच्या पायाखालची जमीन सरकली.’ कौटुंबिक कादंबरीत याचा अर्थ बँकेची नोटीस आली. परग्रहावरच्या कादंबरीत मात्र वाचक थांबून खाली बघतो. ज्या लेखकाला ही जाणीव नाही तो अशी वाक्यं बेसावधपणे टाकत जातो आणि वाचकाचा गोंधळ उडतो. ज्याला आहे तो तीच जमीन खरोखर सरकवतो. एन. के. जेमिसिन यांची ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५) अशाच भूमीवर घडते, जिथे भूकंप हा नित्याचा आणि जमीन आवरणारी माणसं ही समाजाची गरज आणि भीती.

आता जरा जवळून बघू. समजा, एका हस्तलिखिताची सुरुवात अशी आहे:

‘इसवी सन २१८७. पृथ्वीवर पाण्याची भीषण टंचाई निर्माण झाली होती. २१४० साली स्थापन झालेल्या जागतिक जलमंडळाने मानवी शरीरातील द्रवावर शासनाचा हक्क प्रस्थापित करणारा कायदा संमत केला होता. या कायद्यास प्रारंभी तीव्र विरोध झाला, तथापि...’

आणि दुसऱ्याची अशी:

‘काकूंनी वाटी खिडकीतून आत सरकवली. कारकुनानं ती काट्यावर ठेवली, आकडा वहीत घातला.
“कालच्यापेक्षा कमी भरलं.”
“काल रडले होते.”
“मग आज का नाही?” कारकून म्हणाला आणि त्यानं पुढच्याला हाक मारली.’

दोन्हीकडे जग एकच आहे. दुसऱ्या उताऱ्यात ना सालाचा पत्ता, ना मंडळाचा, ना कायद्याचा. ‘पाणी’ हा शब्दसुद्धा नाही. तरी वाचकाला कळतं की अंगातला ओलावा सरकारजमा करावा लागतो, तो रोज करावा लागतो, रांग असते, आणि दुःखाचंही वजन होतं. कारकून दुष्ट नाही, कारकून आहे. शिवाय काल काकूंच्या घरी काहीतरी घडलंय, आणि पान उलटायला तेवढं पुरेसं आहे. पहिल्या उताऱ्यात माहिती आहे, चूकही काही नाही. फक्त त्यात माणूस कुणी नाही.

पण थांबा. चोखंदळ एजंट दुसऱ्या उताऱ्यावरही भुवई उंचावेल. फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’मधले वाळवंटी लोक अंगातल्या ओलाव्याचा थेंब न् थेंब जपतात आणि मेलेल्यासाठी अश्रू ढाळणं हे तिथे मोठं दान समजलं जातं. ती कादंबरी १९६५ ची. माझी वाटी त्याच विहिरीवर भरलेली आहे हे जाणत्याला तिसऱ्या ओळीत कळेल. यात वाईट काही नाही. उसनवारीशिवाय कुठलंच साहित्य चालत नाही. एजंटला प्रश्न पडतो तो असा, की उसनं आणलंय हे या लेखकाला माहीत आहे का, आणि त्यानं त्यात स्वतःचं काय घातलं? हर्बर्टच्या वाळवंटात टोळी आहे, धर्म आहे. माझ्याकडे खिडकी आणि कारकून आहे. त्या कारकुनातून काही नवं निघत असेल तर पुढे वाचायचं, नाहीतर नाही.

म्हणूनच पत्रात अलीकडच्या एक-दोन पुस्तकांची नावं मागतात, ज्यांच्या शेजारी हे पुस्तक दुकानात ठेवता येईल. इथे टोल्किन किंवा हर्बर्ट लिहिणारा लेखक नकळत एवढंच सांगतो की त्यांच्यानंतरचं त्यानं फारसं वाचलेलं नाही. गेल्या तीन-चार वर्षांतलं पुस्तक हवं. एजंटच्या डोक्यात संपादकांचा नकाशा असतो: कुणाला समुद्री भयकथा हवी आहे, कुणाचं ड्रॅगनांवरून मन उडालंय, कुणी नुकतंच काळप्रवासाचं पुस्तक घेतलंय आणि म्हणून वर्षभर दुसरं घेणार नाही. बाड वाचतावाचता ती त्या नकाशावर जागा शोधत असते.

नव्या कल्पनेचं काय, असं कुणीही विचारेल. विज्ञानकथा म्हणजे कल्पना, असं आपण धरून चालतो. डार्को सुविन या अभ्यासकानं कथेतल्या त्या एका नव्या, जग बदलून टाकणाऱ्या गोष्टीला ‘नोव्हम’ असं नावच दिलं. पण माझं मत विचाराल तर एजंट कल्पना शोधतच नसतात. कल्पना मुबलक असतात आणि त्यांच्यावर मालकीहक्कही लागत नाही. दुर्मीळ असतो तो कल्पनेचा हिशेब. एक गोष्ट बदलली तर तिच्यामुळे भाकरी, लग्न, भांडण, देव आणि नोकरी यांत काय काय बदलतं, आणि त्याची किंमत कुणाच्या खिशातून जाते, हे ज्याला दिसतं त्याचं बाड वाचलं जातं.

जेमिसिन यांच्याकडे परत जाऊ. मनाच्या ताकदीनं डोंगर हलवणारा माणूस पुराणांपासून ओळखीचा आहे. त्यांनी त्याला एक अट घातली. ही ताकद भोवतालची ऊब ओढून घेते. माणसाभोवती एक वर्तुळ गोठून जातं आणि त्यात सापडलेला जीव मरतो. मग उघडच आहे की अशा माणसांना लोक घाबरणार, लहानपणीच पकडणार, वळण लावायच्या नावाखाली मोडणार आणि तरी भूकंप आला की त्यांच्याचकडे धावणार. सगळी त्रयी त्या एका अटीतून वाढत जाते. तिच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीन वर्षं ह्यूगो मिळाला. असं आधी कुणाच्याच बाबतीत घडलं नव्हतं.

अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या ब्रँडन सँडरसन यानं २००७ साली हीच गोष्ट नियमाच्या रूपात मांडली: जादू जितकी वाचकाला समजलेली असेल तितकीच ती लेखकानं संकट सोडवायला वापरावी. जादूच्या मर्यादा तिच्या सामर्थ्यापेक्षा रंजक असतात, हेही त्याचंच. नियम उपयोगी आहे, पण त्याची पोथी करू नये. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किन्ड्रेड’मध्ये (१९७९) एक कृष्णवर्णीय तरुणी पुन्हा पुन्हा गुलामगिरीच्या काळात खेचली जाते. का, कसं, कुठल्या यंत्रानं, याचं एका ओळीचंही स्पष्टीकरण नाही. त्याची उणीवही भासत नाही, कारण ती प्रत्येक खेपेला काय गमावून परतते हे पानापानावर आहे. शेवटी ती एक हात गमावते. किंमत चुकती केली की यंत्राची चौकशी वाचक सोडून देतो.

‘निवडलेला नायक’ या प्रकाराला एजंट कंटाळलेत असं नेहमी कानावर येतं. भविष्यवाणी होते, गावातलं पोर राजपुत्र निघतं, वगैरे. आपल्याला हा साचा नवा नाही; कंसाला आकाशवाणी झाली तेव्हापासून तो घरात आहे. पण त्या गोष्टीत अंगावर काटा येतो तो आठव्याच्या पराक्रमानं नव्हे. आधीची मुलं, तुरुंगातली देवकी आणि गोकुळातून बदल्यात आणलेली ती तान्ही मुलगी, ही त्या भविष्यवाणीची किंमत आहे. कंटाळा साच्याचा येत नाही, किंमत पुसून टाकलेल्या साच्याचा येतो.

माहिती किती द्यावी, कुठे द्यावी, हा सर्वात अवघड भाग. जुन्या नाटकांत पडदा वर गेला की दोन गडी फर्निचर पुसत मालकाच्या घराण्याचा इतिहास एकमेकांना सांगायचे, जो दोघांनाही पाठ असायचा. अमेरिकेतल्या लेखन कार्यशाळांत या दोषाची थट्टा आजही चालते: दोन शास्त्रज्ञ एकमेकांना ‘तुला ठाऊकच आहे’ म्हणत दोघांनाही ठाऊक असलेलं ऐकवतात. एजंटच्या वाचनात अशी जागा आली की पान तिथेच थांबायचा संभव फार.

पण कुठून सुरुवात करायची हे कधीकधी लेखकालाही परिस्थितीमुळे ठरवता येत नाही. लिऊ त्सिशिन यांच्या ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’चं उदाहरण मोठं विलक्षण आहे. चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीतला तो भीषण प्रसंग, जिथे एका भौतिकशास्त्रज्ञाला जमावासमोर मारहाण करून ठार करतात आणि त्याची मुलगी ते बघते, मधल्या पानांत लपवलेला होता. सेन्सॉरची नजर पडू नये म्हणून. इंग्रजी भाषांतर करताना केन लिऊ यांना वाटलं की हा प्रसंग अगदी आरंभी हवा. त्यांनी तसं विचारलं तेव्हा मूळ लेखक म्हणाले की त्यांनाही तो तिथेच हवा होता. २०१४ च्या इंग्रजी पुस्तकाची सुरुवात तिथूनच होते. २०१५ मध्ये त्याला ह्यूगो मिळाला. भाषांतरित कादंबरीला तो पहिल्यांदाच मिळत होता. परग्रहवासीयांना पृथ्वीवर बोलावणं धाडावंसं एखाद्या माणसाला का वाटेल, याचं उत्तर आता पुस्तकाच्या दारातच उभं असतं. त्यापुढचं सगळं खगोलशास्त्र वाचक निमूट ऐकून घेतो.

पत्राबद्दलही सांगायला हवं, कारण चांगली पुस्तकं तिथेच मार खातात. ‘झारवंशाच्या सातव्या युगात उर्मक पर्वतापलीकडच्या तेलीनांनी क्षारमणी पळवल्यावर महाविदुर ओरानने...’ हे मी आत्ता रचलेलं वाक्य आहे, पण या घाटाची पत्रं रोज येतात. एका वाक्यात पाच-सहा अनोळखी नामं, आणि वाचकाच्या हाती धरायला एकही नाही. पत्रात ग्रहाचा इतिहास नको असतो. कोण आहे, तिला काय हवंय, आड काय येतंय, आणि ते मिळवायला तिला काय सोडावं लागेल, एवढं चार-पाच वाक्यांत बसलं पाहिजे. ‘जग नष्ट होईल’ हा धोका कागदावर मोठा दिसतो पण मनाला शिवत नाही, कारण जग वाचणार हे वाचकाला ठाऊक असतं. ‘भाऊ तिला ओळखणार नाही’ हा धोका शिवतो.

मग लांबी. मोठ्यांसाठीच्या पहिल्या विज्ञानकादंबरीला साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार शब्द हा रिवाज आहे. ह्यूगोच्या नियमांत ४० हजारांपासून पुढे कादंबरी धरतात, पण नवख्याची ४५ हजारांची कादंबरी विकणं कठीण आणि अडीच लाखांची त्याहून कठीण. जाड पुस्तकाला कागद आणि छपाई जास्त लागते, आणि नवख्या नावावर तेवढा पैसा लावायला प्रकाशक कचरतो. सात खंडांची मालिका डोक्यात असली तर असू द्यावी. पहिल्या खंडात गोष्ट पुरी झाली पाहिजे.

आणि चिकाटी. ही दोन्ही बाजूंना लागते. ‘ड्यून’ आधी ‘अ‍ॅनालॉग’ मासिकातून क्रमशः येऊन गेली होती, लोकांनी वाचली होती. तरी हर्बर्टचे एजंट लर्टन ब्लासिंगेम यांना वीसहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी ती छापली चिल्टन या फिलाडेल्फियाच्या कंपनीनं, जिची ख्याती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी होती. तिथल्या स्टर्लिंग लॅनियर या संपादकानं मासिकातले भाग वाचले होते आणि तो स्वतः विज्ञानकथा लिहीत असे. सँडरसनचा अनुभव वेगळाच. त्यानं टॉर प्रकाशनाकडे पाठवलेल्या ‘एलान्ट्रिस’बद्दल संपादकाचा फोन आला तो दीड वर्षानं. तोवर तो पुढची पुस्तकं लिहीतच होता. त्याच्याकडे एकूण १३ कादंबऱ्यांची बाडं जमली होती. दुसऱ्या टोकाला फ्रेडरिक पोल. हा तरुणपणी एजंट होता. आयझॅक असिमॉव्हची मासिकानं नाकारलेली एक कथा त्यानं डबलडे प्रकाशनाच्या कानावर घातली आणि त्यातून १९५० साली असिमॉव्हची पहिली कादंबरी आली. पोलची एजन्सी मात्र कर्ज करून बंद पडली. लेखक म्हणून तो पुढे मोठा झाला, हा भाग निराळा.

किडबाईंकडे शेवटचं जाऊ. पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड या छोट्या गावातल्या घरातून त्या काम करत. स्वतः कवयित्री. न्यूयॉर्कच्या विज्ञानकथावेड्या तरुणांच्या ज्या टोळक्यात पोल आणि असिमॉव्ह होते त्यातल्याच. म्हणजे त्यांना या साहित्याची भाषा आतून येत होती आणि वाक्याचा नादही कळत होता. ‘लेफ्ट हँड’मधल्या दंतकथा संपादकाला अडथळा वाटल्या. पण त्या काढल्या तर तो ग्रह उरत नाही, कारण तिथली माणसं भाऊबंदकी, शपथ, आत्महत्या यांच्याकडे कसं बघतात हे त्या गोष्टींतूनच मुरत जातं आणि शेवटी बर्फावरच्या प्रवासात दोन माणसांमध्ये त्याचा हिशेब होतो. किडबाईंना हा हिशेब दिसला असणार, असं मला वाटतं. १९६९ मध्ये त्यांनी ले ग्विन यांची एक कथा ‘प्लेबॉय’लाही विकली. बाईचं नाव बघून वाचक बिचकतील म्हणून तिथे फक्त ‘यू. के.’ ही आद्याक्षरं छापली गेली. ले ग्विन यांनी होकार दिला आणि पुढे तो त्यांना सलत राहिला. एजंट आणि लेखिकेची ही जोडी २००३ मध्ये किडबाईंचं निधन होईपर्यंत टिकली.

मराठीत एजंट रुजला नाही. आपल्याकडे हे काम दिवाळी अंकाच्या आणि प्रकाशनगृहाच्या संपादकानं केलं. गूढ-अद्भुताला ‘नवल’, ‘धनंजय’ यांनी जागा दिली. विज्ञानकथेसाठी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेनं. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिला क्रमांक मिळाला. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी फिरवलेली. खगोलशास्त्रज्ञाचं नाव पाहून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून केलेली ही युक्ती. परीक्षकांपुढे फक्त पानं होती. न्यूयॉर्कच्या एजंटपुढेही अनोळखी लेखकाची तेवढीच असतात.

आता एक नवी डोकेदुखी आलीय. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘क्लार्क्सवर्ल्ड’ या नामांकित विज्ञानकथा मासिकाला यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा असा पूर आला की संपादक नील क्लार्क यांनी कथा घेणं काही काळ बंदच केलं. पुष्कळ एजंट आता यंत्रलिखित मजकूर नको असं स्पष्ट लिहितात. काकूंच्या वाटीसारखं एखादं दृश्य यंत्र रचेलही. त्या वाटीचा हिशेब ९० हजार शब्द सांभाळायचा तर कुणाला तरी तो स्वतः लागू झालेला असावा लागतो.

तुमच्याकडे असं बाड असेल तर मराठी प्रकाशकाकडे थेट जा, तिथे मध्यस्थाची गरज नाही. इंग्रजीत लिहीत असाल, किंवा मराठी कादंबरीची दोन-तीन प्रकरणं चांगल्या भाषांतरकाराकडून करून घेतली असतील, तर भारतातही एजंट आहेत. जयपूरची ‘सियाही’ हे त्यातलं एक नाव. कादंबरी शेवटच्या ओळीपर्यंत पुरी झाल्याशिवाय पत्र धाडू नका, कारण पाच पानं आवडली तर पूर्ण बाड लगेच मागवतात. प्रत्येक एजंटचे नियम वाचा. १० पानं म्हटलं असेल तर ११ नकोत. आणि बाड वाचण्याचे पैसे मागणाऱ्याला ते मुळीच देऊ नका. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावरच आपला वाटा घेतो.